प्रोसेसरचा वेग कोणी ठरवायचा?

नव्या संगणकावर प्रोसेसरचा वेग, तापमान आणि विजेचा वापर दाखवणारा एखादा छोटा प्रोग्रॅम उघडावा आणि नुसतं पाहत बसावं. काही काम चालू नसलं तरी आकडे स्वस्थ नसतात. एखादा कोअर क्षणभर पाच गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, लगेच निजतो, मग दुसरा उठतो. व्हिडिओ रेंडर करायला लावला की सगळे कोअर एकदम कामाला लागतात, विजेचा आकडा कित्येक पटींनी चढतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि काही वेळाने सगळं थोडं खाली उतरून स्थिरावतं. एवढ्या घडामोडीत माणसाने कशालाही हात लावलेला नसतो. हाच वेग वाढवण्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी हौशी लोक बायोसच्या निळ्या पडद्यासमोर रात्री जागवत. एकेक पायरी वर चढायची, संगणक बंद पडला की एक पायरी उतरायची, पुन्हा चालू करायचा.

यंत्राच्या हाती काय सोपवावं, हा संपादकांनी या अंकासाठी दिलेला प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला प्रोसेसरसारखी दुसरी जागा नाही, कारण इथे हे सोपवणं पूर्ण होऊन गेलं आहे आणि त्याचे परिणाम मोजता येतात. माझं म्हणणं असं, की क्षणाक्षणाला वेग ठरवण्याचं काम यंत्राकडे गेलं हे योग्यच झालं. ते हाताने करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या नकळत हातातून गेली. किती वीज, किती व्होल्टेज, किती उष्णता आपल्याला चालेल हे ठरवण्याचा अधिकार. तो परत घ्यायला हवा, आणि यापुढे ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे छापील वेगाच्या पलीकडे प्रोसेसर चालवण्याच्या, विद्येचा खरा उपयोग तिथेच आहे.

चिकटपट्टीचा तुकडा आणि ४५० मेगाहर्ट्झ

हाताने वेग वाढवण्याच्या काळाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. ऑगस्ट १९९८ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती १४९ डॉलर आणि वेग ३०० मेगाहर्ट्झ. त्याच दिवशी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम २ ची किंमत होती ६६९ डॉलर. प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतो. मदरबोर्डवरच्या बसचा वेग आणि प्रोसेसरच्या आतला मल्टिप्लायर. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचार आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. तोच प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालवला की साडेचार गुणिले शंभर म्हणजे ४५०. ज्या मदरबोर्डवर बसचा वेग निवडायची सोय नव्हती, तिथे लोकांनी प्रोसेसरच्या कार्डावरचा बी-२१ क्रमांकाचा संपर्कबिंदू चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकला. मग मदरबोर्ड हा १०० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर आहे असं समजून चाले. दीडपट वेग, तोही सगळ्यांत स्वस्त चिपमधून, आणि फार मोठ्या प्रमाणावर लोकांना तो मिळाला.

या यशामागे जादू नव्हती. सिलिकॉनच्या एकाच चकतीवरून (वेफरवरून) निघालेल्या चिपा सारख्या क्षमतेच्या नसतात. कंपनी त्यांची चाचणी घेऊन प्रतवारी लावते. पण कारखान्यातली प्रक्रिया चांगली बसली की बहुतेक चिपा वरच्या प्रतीच्या निघतात, आणि बाजाराला मात्र स्वस्त चिपाच जास्त लागतात. मग चांगल्या चिपेवरही कमी आकडा छापला जातो. शिवाय प्रत्येक चिपेच्या आकड्यात सुरक्षेसाठी थोडी राखीव जागा सोडलेली असते. चिप जुनी होईल, खोली तापलेली असेल, वीजपुरवठा डळमळता असेल, तरी चूक होता कामा नये म्हणून. ओव्हरक्लॉक करणारा माणूस या दोन्ही गोष्टींवर जगत होता. कंपनीने बाजारासाठी दाबून ठेवलेला वेग, आणि कंपनीने काळजीपोटी सोडलेली राखीव जागा.

कंपन्यांनी मल्टिप्लायरला कुलूप लावलं त्यालाही एक कारण होतं. स्वस्त चिपेवरचा छापील आकडा खोडून महागाचा आकडा छापणारे ठग त्या काळी होते. एएमडीच्या २००० सालच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरवर हे कुलूप पृष्ठभागावरच्या बारीक धातूच्या पुलांमध्ये होतं. हौशी लोकांनी तुटलेले पूल साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडले, कारण पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. ही हिकमत कौतुकाची खरी, पण त्या काळाची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००५ साली लिहिलं होतं, की विंडोज बंद पडल्याचे जे अहवाल कंपनीकडे येत त्यांत काही केवळ अशक्य वाटणारे असत; ज्या सूचनेत चूक होऊच शकत नाही तिथे संगणक कोसळलेला. शोध घेतल्यावर अनेक ठिकाणी कारण निघालं ओव्हरक्लॉकिंग. आणि त्यांतल्या कित्येक ग्राहकांना दुकानदाराने आपल्याला वेग वाढवलेला संगणक विकला आहे याचा पत्ताही नव्हता.

राखीव जागा गेली कुठे?

सेलेरॉनचे दिवस संपायला ठगांपेक्षा भौतिकशास्त्र अधिक कारणीभूत झालं. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलेला एक नियम तीसेक वर्षं चिपउद्योगाला पुरला. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजही त्या प्रमाणात कमी करता येतं, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर जास्त वेगाने चालवूनही उष्णता वाढत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर व्होल्टेज आणखी खाली येईनासं झालं. ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम ४ चा बेत सोडून दिला. तिथून पुढे कोअरांची संख्या वाढली आणि वेगाची चढण मंदावली.

यामागचं गणित साधं आहे आणि या लेखातला पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. चिपेने खाल्लेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं. समजा वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं, तर वीज वाढते ३३ टक्के. वरच्या टोकाला तर थोड्याशा वेगासाठी याहून जास्त व्होल्टेज मोजावं लागतं. त्यामुळे शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ सगळ्यांत महाग पडतात.

चार कोअरांच्या चिपेत एकच कोअर काम करत असेल तर उरलेल्या तिघांच्या वाटणीची वीज पडून राहते. ती त्या एकाला दिली तर? नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या पहिल्या कोअर आय-७ मध्ये इंटेलने हेच केलं आणि त्याला टर्बो बूस्ट असं नाव दिलं. त्यासाठी चिपेच्या आतच विजेचा कारभार पाहणारा एक नियंत्रक बसवला. त्या नियंत्रकात दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर होते, म्हणजे १९८९ सालच्या आख्ख्या ४८६ प्रोसेसरच्या तोडीचे. आय-७ ९२० चा २.६६ गिगाहर्ट्झचा वेग त्यामुळे आपोआप २.९३ पर्यंत जाई. हाताने मात्र हीच चिप चांगल्या कूलरवर पावणेचारच्या पुढे जात असे. म्हणजे यंत्राची सुरुवात बुजरी होती आणि हाताला अजून भरपूर वाव होता.

पुढच्या दहा वर्षांत हा वाव आटत गेला. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस, साटा अशा सगळ्यांना एकाच १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाला जोडलं. ते जरा वाढवलं की डिस्कपासून सगळंच बिघडे. वेग वाढवायचा तर के अक्षर असलेली, मोकळ्या मल्टिप्लायरची महाग चिप घ्यायची. स्वस्तात मस्त ही ओव्हरक्लॉकिंगची मूळ प्रेरणा तिथेच संपली. २०१८ च्या आय-९ ९९००के ला सगळे कोअर चालू असताना कंपनीच ४.७ गिगाहर्ट्झ देत होती, आणि हाताने खटाटोप करून मिळत होते पाच. २०२३ च्या १४९००के च्या खोक्यावर कंपनीनेच ६ गिगाहर्ट्झ छापले. जास्त वेग सोसणाऱ्या चिपा निवडून विकणं हाच ज्याचा धंदा, ते अमेरिकेतलं सिलिकॉन लॉटरी नावाचं दुकान २०२१ मध्ये बंद झालं. निवडण्यासारखा फरकच फारसा उरला नव्हता. कंपनीने आपली राखीव जागा स्वतःच वापरायला काढली होती.

मिलिसेकंदाचा कारभार

यंत्र हे काम माणसापेक्षा चांगलं का करतं, हे समजायला चिपेच्या आत काय चालतं ते पाहावं लागतं. एएमडीच्या २०१७ च्या पहिल्या रायझनच्या आठ कोअरांच्या चिपेत विजेवर, तापमानावर आणि सिग्नलच्या सर्वांत लांबच्या वाटांवर नजर ठेवणारे तेराशेहून अधिक संवेदक पेरलेले होते. चिपेतला एक स्वतंत्र नियंत्रक त्यांची माहिती घेऊन मिलिसेकंदाच्या अंतराने निर्णय करतो आणि वेग २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वर-खाली नेतो. त्याच्यासमोर अनेक मर्यादा एकाच वेळी असतात. एकूण वीज, सतत वाहणारा प्रवाह, क्षणिक प्रवाह, तापमान, व्होल्टेज. यांतली जी आधी गाठली जाईल तिथे तो थांबतो.

इंटेलने यात वेळेचाही हिशेब घेतला. जाड बुडाचं पातेलं चुलीवर ठेवलं तर ते तापायला वेळ लागतो. कूलरच्या धातूचंही तसंच आहे. म्हणून पहिली काही सेकंद ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज खाऊ द्यायची आणि मग खाली यायचं. २०२० च्या आय-९ १०९००के ला इंटेलने सतत चालण्यासाठी १२५ वॅट, थोड्या वेळासाठी २५० वॅट आणि त्या थोड्या वेळासाठी ५६ सेकंद असे आकडे सुचवले होते. रेंडर सुरू झाल्यावर वेग चढतो आणि मग उतरतो, त्याचं हे कारण.

याउलट हाताने नेमलेला वेग म्हणजे सगळ्या क्षणांसाठी एकच आकडा. सगळे कोअर एकदम जड कामाला लागतात तेव्हा व्होल्टेज क्षणभर खचतं. त्या सर्वांत वाईट क्षणीही चूक होऊ नये एवढं व्होल्टेज नेमायचं, तर उरलेल्या सगळ्या वेळी ते विनाकारण जास्त राहतं. सोळा कोअरांच्या रायझन ९ ५९५०एक्सचं उदाहरण घ्या. एका कोअरवर काम असताना तो आपोआप ४.९ गिगाहर्ट्झ गाठतो, सगळ्यांवर असताना कारखान्याच्या १४२ वॅटच्या मर्यादेत चारच्या आसपास राहतो. हाताने सगळ्यांना साडेचारवर बांधलं, तर रेंडरिंग वेगाने होईल. पण ब्राउझर, फोटोसंपादन, बरेचसे खेळ अशी जी कामं एक-दोन कोअरांवर चालतात ती हळू होतील. रोजच्या वापरात बहुतेकांचं काम दुसऱ्या प्रकारचं असतं. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती तोटा.

मे महिन्यातला प्रोसेसर

स्वयंचलित बूस्टच्या बाजूचा एक मुद्दा आपल्या हवामानातून येतो. परदेशी परीक्षणांतले आकडे सहसा विशीतल्या तापमानाच्या खोलीत घेतलेले असतात. विदर्भात आणि खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पंखा नुसता गरम हवा फिरवत असलेल्या खोलीत ४२ अंश असणं नवलाचं नाही. कूलर जेवढी उष्णता बाहेर टाकतो ती चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. चिपेची मर्यादा ९५ अंश धरली तर २२ अंशांच्या खोलीत हा फरक ७३ अंशांचा, ४२ अंशांच्या खोलीत ५३ अंशांचा. म्हणजे तोच कूलर मे महिन्यात सुमारे सत्तावीस टक्के कमी उष्णता वाहून नेणार. जानेवारीतल्या थंडीत नाशिकला हाताने बसवलेला वेग उन्हाळ्यात कोलमडतो तो यामुळे. आपोआप चालणारा बूस्ट मात्र ऋतू बदलला की स्वतःच पाऊल मागे घेतो. काम थोडं हळू होतं, पण संगणक बंद पडत नाही. ज्या चुका संगणक बंद न पाडता हिशेबात गुपचूप शिरतात, त्यांची भीती तर याहून मोठी. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख ग्राहकांच्या संगणकांवरून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेग वाढवलेल्या यंत्रांमध्ये प्रोसेसरमुळे कोसळण्याचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळलं, आणि वेग कमी केलेली यंत्रं अधिक भरवशाची ठरली.

स्वयंचलित म्हणजे सुरक्षित नव्हे

इथवरचा पुरावा यंत्राच्या बाजूने आहे. पण २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचं जे झालं ते नजरेआड करून पुढे जाता येणार नाही. खेळ सुरू होताना ग्राफिक्सची मेमरी संपली असा संदेश येऊन संगणक कोसळू लागले. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. दोष प्रोसेसरचा होता. आधी संशय मदरबोर्डवाल्यांवर गेला. आपला बोर्ड तुलनेत सरस दिसावा म्हणून ते कारखान्यातूनच विजेच्या मर्यादा जवळजवळ उठवून देत, हे खरंच होतं. पण जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं, की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोडच, म्हणजे त्याच्या अंतर्गत सूचनांचा संचच, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. सप्टेंबरमध्ये पूर्ण खुलासा आला. जास्त व्होल्टेज आणि तापमान यांमुळे कोअरला घड्याळाचे ठोके पोचवणारं सर्किट अकाली म्हातारं होत होतं, आणि संगणक निवांत असताना किंवा हलकं काम करत असतानाही जादा व्होल्टेज मागितलं जात होतं. ऑगस्टमधल्या दुरुस्तीने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, सप्टेंबरमधल्या दुरुस्तीने उरलेलं छिद्र बुजवलं. पण जी चिप आधीच झिजली होती ती कुठल्याही दुरुस्तीने बरी होणार नव्हती. इंटेलला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

एक वर्ष आधी, एप्रिल २०२३ मध्ये, एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते. मेमरीचा वेग वाढवणारी तयार सेटिंग निवडली की काही मदरबोर्ड चिपेच्या एका भागाला फार जास्त व्होल्टेज देत. एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. दोन्ही प्रकरणांत ग्राहकाने हाताने एकही आकडा नेमलेला नव्हता. त्याने भरवसा टाकला होता.

यावरून स्वयंचलन वाईट असं ठरत नाही. दर मिलिसेकंदाला निर्णय घेणारा नियंत्रक त्याला दिलेल्या मर्यादेत उत्तमच चालतो; चूक मर्यादा आखणाऱ्याची असते. आणि मर्यादा आखणाऱ्या कंपनीला खोक्यावरच्या आकड्याची, परीक्षणातल्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्याच्या वर दिसण्याची ओढ असते. पूर्वीची राखीव जागा ग्राहकाच्या सुरक्षेसाठी होती. तीच आता विक्रीसाठी खर्च होते आहे, आणि झीज, वीज व उष्णता यांचा भार ग्राहकाकडे येतो आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हाताने अजूनही जास्त मिळतं. द्रव हेलियम ओतून प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेले गेले आहेत, हे खरं. तो क्रीडाप्रकार आहे आणि क्रीडा म्हणून त्याचा मान आहे. चोवीस तास सगळे कोअर भरून चालणाऱ्या एखाद्या रेंडर मशीनवर हाताने नेमलेला वेगही फायद्याचा ठरू शकतो. पण हे अपवाद आहेत, आणि तिथेही विजेचं बिल आधी मांडून पाहावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. हाताने काम करताना माणूस शिकत होता. बस, मल्टिप्लायर, व्होल्टेज, उष्णता यांची नाती त्याला बोटांनी कळत होती. आता सगळं बंद पेटीत गेलं. मला हा आक्षेप मान्य आहे. त्याचं उत्तर जुन्या पद्धतीकडे परत जाण्यात मात्र नाही, कारण शिकण्यासारखं अजून खूप आहे, फक्त जागा बदलली आहे. रायझनमध्ये २०२० च्या अखेरीपासून कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. तीत प्रत्येक कोअरला कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं ही वक्ररेषा ३ ते ५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी खाली सरकवता येते. व्होल्टेज वाचलं की तेवढ्याच विजेत बूस्ट स्वतःच वर जातो. यात चूक झाली तर ती बहुधा जड चाचणीत सापडत नाही. हलक्या कामात, एखादा कोअर एकटाच वर उसळतो तेव्हा संगणक पडतो. म्हणजे रात्रभर जड चाचणी चालवून निश्चिंत व्हायची जुनी रीत इथे पुरत नाही, आणि यंत्र कसं विचार करतं हे समजल्याशिवाय पान हलत नाही. हे ज्ञान जुन्या ज्ञानापेक्षा कमी प्रतीचं मुळीच नाही.

तिसरा आक्षेप सामान्य ग्राहकाचा. त्याने या भानगडीत का पडावं? पैसे मोजले की वस्तू सुरक्षित मिळावी, हा त्याचा हक्क आहे. बरोबर आहे, आणि म्हणून पहिली जबाबदारी कंपन्यांचीच. मदरबोर्ड खोक्यातून निघताना प्रोसेसरच्या निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादांवरच असला पाहिजे, त्या ओलांडायच्या असतील तर ग्राहकाला स्पष्ट विचारलं पाहिजे, आणि सततची वीज व क्षणिक वीज हे दोन्ही आकडे खोक्यावर वेगाइतक्याच ठळक अक्षरांत असले पाहिजेत. पण ही सुधारणा होईपर्यंत ग्राहकाला स्वतःच्या बचावाचं साधन हवं, आणि ते त्याच्या हाताशी आहे.

हाताचं नवं काम

ते साधन म्हणजे बायोसमधली विजेची मर्यादा. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सला कारखान्यातून २३० वॅटपर्यंत जायची मुभा आहे, आणि ९५ अंशांपर्यंत तापत राहणं हे त्याच्या आखणीतच आहे. इको मोड नावाची एक नोंद बदलली की ही मर्यादा निम्म्याहून खाली आणता येते. काम मात्र त्या प्रमाणात मुळीच घटत नाही, कारण आधी कापले जातात ते तेच शेवटचे, सगळ्यांत महाग मेगाहर्ट्झ. इंटेलच्या प्रोसेसरांनाही दोन्ही मर्यादांचे आकडे लिहिता येतात. मर्यादा लिहिली की हाताचं काम संपलं. तिच्या आत कोणत्या क्षणी कोणत्या कोअरला किती वेग द्यायचा हे नियंत्रकाने पाहावं, त्यात तो माणसाला हार जाणार नाही.

हाच विचार खरेदीपासून करता येतो. रायझन ७ ७७०० आणि ७७००एक्स यांत आठ कोअर तेच, बांधणी तीच. एकाला ८८ वॅटची मर्यादा, दुसऱ्याला १४२ वॅटची. कामातला फरक थोड्या टक्क्यांचा. पहिला घेतला तर कूलर साधा चालतो, खोली कमी तापते, इन्व्हर्टरवर भार कमी पडतो. पुढे गरज पडली तर बायोसमधून त्याचीही मर्यादा वाढवता येते. सेलेरॉनच्या काळात कमी पैशांत जास्त मिळवण्याची जी आस होती, तिला आज मिळणारं प्रामाणिक उत्तर हे आहे.

सेलेरॉनवर चिकटपट्टी लावणाऱ्याने कंपनीचा छापील आकडा प्रमाण मानायला नकार दिला होता. तो स्वतः मोजत होता आणि परिणामांची जबाबदारी स्वतः घेत होता. त्या वृत्तीची गरज आज कमी झालेली नाही, फक्त तिची दिशा उलटली आहे. तेव्हा कंपनी वेग दाबून ठेवत होती म्हणून तो वाढवणं शहाणपणाचं होतं. आज कंपनी वेग टोकापर्यंत ताणून देते आहे, म्हणून त्याला आवर घालणं शहाणपणाचं आहे. वेग यंत्राने ठरवावा. पण त्या वेगासाठी किती वीज जाळायची, चिप किती तापू द्यायची आणि ती किती वर्षं टिकावी हे ज्याने ती विकत घेतली त्याने ठरवावं, आणि तो आकडा स्वतःच्या हाताने लिहावा.